पंच्याण्णव डिग्री आणि सव्वा व्होल्ट

मागच्या मे महिन्यात नाशिकच्या सिडकोत बहिणीकडे गेलो, तर भाचा घामाघूम होऊन बसलेला आणि टेबलफॅन मात्र कॉम्प्युटरला लावलेला. कॅबिनेटची बाजूची काच काढून फॅनचं तोंड थेट आत खुपसलं होतं. बारावीची परीक्षा झाल्यावर घेतलेला नवा गेमिंग पीसी, आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात लाल अक्षरात प्रोसेसरचं तापमान, ९५.

"मामा, जळणार नाही ना हा?"

बहिणीचं वेगळंच. "मी म्हणते स्टॅबिलायझर लावून टाकू. आपल्याकडे व्होल्टेज किती कमीजास्त होतं!"

मी अंबडला इलेक्ट्रिकल पॅनल बनवतो. करंट, उष्णता आणि बंद पेटी हा माझा रोजचा धंदा, त्यामुळे घरात कुणाचंही काही गरम झालं की मलाच विचारतात. पण या दोघांचे प्रश्न एकाच गाठीची दोन टोकं होती. प्रोसेसर तापतो तो मुख्यतः व्होल्टेजमुळेच. फक्त ते व्होल्टेज भिंतीतलं नव्हे.

आधी स्टॅबिलायझरचं मिटवू. भिंतीतून २३० व्होल्ट एसी येतो. पीसीतला एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, त्याचा १२ व्होल्ट डीसी करतो. मग मदरबोर्डवर प्रोसेसरच्या सॉकेटशेजारी छोट्या चौकोनी कॉइल्सची रांग असते, व्हीआरएम म्हणतात तिला. ती त्या १२ व्होल्टचा एक-सव्वा व्होल्ट करून प्रोसेसरला देते. प्रोसेसरचं व्होल्टेज म्हणजे हे शेवटचं. चांगला एसएमपीएस १०० ते २४० व्होल्टमधलं काहीही पचवतो, त्यामुळे घरातली लाइट थोडी वरखाली झाली तरी या सव्वा व्होल्टला त्याचा पत्ता नसतो. लाइट गेल्यावर गेम बंद पडू नये म्हणून यूपीएस घ्या, जरूर घ्या, पण स्टॅबिलायझरने प्रोसेसरचं तापमान एक डिग्रीनेही उतरणार नाही.

सव्वा व्होल्ट ऐकायला फार किरकोळ वाटतं. टॉर्चच्या एका सेलपेक्षाही कमी. पण प्रोसेसर १०० वॅट खात असेल तर १०० भागिले १.२५, म्हणजे ८० अँपिअर. घरातला दोन हजार वॅटचा गीझर नऊ अँपिअरच्या आसपास घेतो. ८० अँपिअर म्हटलं की पॅनलमध्ये आम्ही करंगळीएवढी जाड केबल किंवा तांब्याची पट्टी टाकतो. इथे तेवढा करंट बोर्डाच्या आतल्या तांब्याच्या पातळ थरांमधून आणि सॉकेटच्या शेकडो बारीक पिनांमधून वाटून जातो आणि पोचतो कुठे, तर करंगळीच्या नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यात. भाच्याचा प्रोसेसर एएमडीचा रायझन ५ ७६००एक्स. त्यातले सहा कोअर, म्हणजे प्रत्यक्ष हिशेब करणारे भाग, ज्या तुकड्यावर आहेत, तो सुमारे ७० चौरस मिलिमीटरचा आहे. इस्त्रीच्या तळव्याशी तुलना केली, तर दर चौरस सेंटिमीटरमागे इस्त्रीच्या वीसपट तरी उष्णता हा तुकडा बाहेर टाकतो. म्हणून 'एवढासा तर आहे, एवढा कसा तापतो' हा प्रश्नच उलटा आहे. एवढासा आहे म्हणूनच तापतो.

आता गाठ सोडवू. प्रोसेसरमधला प्रत्येक स्विच चालू-बंद होताना एक सूक्ष्म बादली भरतो आणि रिकामी करतो. पाण्याऐवजी विद्युतभार, इतकंच. व्होल्टेज म्हणजे बादलीत पाण्याची पातळी किती ते. पातळी दुप्पट ठेवायची तर पाणी दुप्पट लागतं, हे सरळ आहे. पण ते पाणी चढवायचंही दुप्पट उंचीवर आहे. दुप्पट पाणी, दुप्पट उंची, मेहनत चौपट. आणि बादली रिकामी केली की ही सगळी मेहनत उष्णता होऊन जाते. सेकंदाला अशा किती बादल्या, ते गिगाहर्ट्झमध्ये मोजतात. म्हणजे वेग वाढवला तर उष्णता त्याच प्रमाणात वाढते, व्होल्टेज वाढवलं तर वर्गाच्या प्रमाणात. १.३० व्होल्टचे १.२० केले, म्हणजे व्होल्टेज आठ टक्क्यांनीही उतरलं नाही, तरी वेग तोच ठेवून उष्णता जवळपास पंधरा टक्क्यांनी कमी होते. याशिवाय स्विच बंद असतानाही थोडा करंट झिरपत असतो, आणि चिप जितकी गरम तितकी ही गळती जास्त. गरम झालं म्हणून गळती, गळती झाली म्हणून आणखी गरम.

मग व्होल्टेज मुळातच कमी का ठेवत नाहीत? कारण जास्त वेगाने बादल्या भरायच्या तर दाब लागतो. दाब कमी पडला तर पुढचा ठोका पडेपर्यंत बादली अर्धीच भरते, स्विचला 'एक' आहे की 'शून्य' ते कळत नाही, आणि निळी स्क्रीन येते. किती दाब पुरेल हे प्रत्येक चिपचं वेगळं असतं. एकाच कारखान्यातून, एकाच चकतीतून कापलेल्या दोन चिपाही सारख्या नसतात. कंपनी प्रत्येकाचे लाड पुरवू शकत नाही. सगळ्यात अडेल चिपसुद्धा सगळ्यात वाईट परिस्थितीत चालली पाहिजे, या हिशेबाने सगळ्यांनाच थोडं जास्त व्होल्टेज देऊन ठेवते. ही जी वरची शिल्लक, तीच आपल्या कामाची.

पण त्याआधी ९५ कडे वळू, कारण भाच्याचा जीव तिथे अडकला होता. २०२२ च्या शेवटी आलेल्या रायझन ७००० मालिकेत ९५ डिग्री ही प्रोसेसरने ठरवून गाठायची जागा आहे. सगळे कोअर कामाला लावले की तो वेग वाढवत जातो आणि वॅटची मर्यादा, करंटची मर्यादा किंवा ९५ डिग्री, यांपैकी जे आधी लागेल तिथे थांबतो. या प्रोसेसरला १४२ वॅटपर्यंत मुभा आहे. प्रोसेसरवर बसवलेला कूलर मध्यम असला तर १४२ ला पोचायच्या आतच ९५ लागतं. त्यापुढे तो स्वतःच वेग आवरतो. इंटेलच्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरांची अशी मर्यादा १०० डिग्री आहे. एएमडीच्याच ७८००एक्स३डीची ८९, कारण तिथे कोअरवर मेमरीचा आणखी एक थर चढवलेला आहे. म्हणजे आकडा वाचताना आधी प्रोसेसर कोणता ते बघा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी 'ऐंशीच्या वर गेलं की गेला' असं लिहितो, ते सोडून द्या.

भाच्याला मी म्हटलं, "जळणार नाही. पण तुझा प्रोसेसर दरवाजाशी उभा राहून धापा टाकतोय, ते काही बरं नाही." सगळे कोअर मुद्दाम राबवणारी टेस्ट चालवताना ९५ दिसलं तर मी दुर्लक्ष करीन. साधा गेम खेळताना ९५ म्हणजे काहीतरी चुकतंय. गेममध्ये सहसा सगळे कोअर पूर्ण राबत नाहीत, प्रोसेसर साठ-सत्तर वॅटवर भागवतो. एवढ्याला ९५ लागत असेल तर उष्णता बाहेर जायची वाट कुठेतरी तुंबलेली आहे.

ती वाट कुठे तुंबली ते शोधायला मी बहिणीकडून उदबत्ती मागितली. ती म्हणाली, पूजा घालतोस का कॉम्प्युटरची! पॅनलच्या धंद्यातली ही जुनी युक्ती. काच परत लावली, गेम चालू केला, उदबत्ती कॅबिनेटच्या मागच्या फॅनजवळ धरली. धूर फर्रकन बाहेर. ठीक. वरच्या जाळीवर धरली, धूर वर गेला, टेबलाच्या फळीला आपटला, फळीखालून पुढे सरकला आणि पुढच्या फॅनांनी तोच पुन्हा आत ओढून घेतला. कॅबिनेट कॉम्प्युटर टेबलाच्या खालच्या कप्प्यात होतं, तीन बाजूंनी प्लायवूड. बिचारा स्वतःचीच गरम हवा फिरफिरून पीत होता. त्यात ग्राफिक्स कार्ड. गेममध्ये ते प्रोसेसरच्या दुप्पट-तिप्पट वॅट जाळतं आणि सगळी झळ त्याच पेटीत सोडतं, हे विसरायचं नाही.

लासलगाव-निफाडकडे ज्याने कांद्याची चाळ पाहिली असेल त्याला हे वेगळं सांगायला नको. चाळ जमिनीपासून उचललेली असते, तळाला फटी, बाजूला फटी, वर वाफ निघून जायला जागा. खालून गार हवा शिरते, कांद्यातली ऊब आणि ओल घेऊन वर जाते. तळ बुजवला तर कांदा सडतो. कॅबिनेटचंही तेच: पुढून किंवा खालून आत, मागून आणि वरून बाहेर, आणि बाहेर गेलेली हवा परत दारात येता कामा नये. दुकानदाराने समोर चकाचक काचेचं कॅबिनेट दिलं होतं, दिव्यांची रोषणाई बघण्यासारखी, पण पुढच्या फॅनना श्वास घ्यायला कडेला बोटभर फट. दिसायला छान, आणि चाळ म्हणून अगदी टाकाऊ.

आम्ही कॅबिनेट कप्प्यातून काढून टेबलाशेजारी एका लाकडी पाटावर ठेवलं. तोच गेम, तीच खोली: ८३. एक पैसा खर्च नाही. काच उघडून टेबलफॅन लावायचीही गरज नाही. बाहेरून फॅन मारला की नाशिकची धूळ फुकटात आत जाते. वाळ्याच्या कूलरसमोर तर ठेवूच नका. गार हवा लागते खरी, पण पाण्याचे तुषार आणि क्षार बोर्डावर बसले की पस्तावाल.

इथे नाशिककरांसाठी एक साधा हिशेब. पॅनलमध्ये आम्ही तापमान कधीच नुसतं लिहीत नाही, 'राइज' लिहितो. म्हणजे आजूबाजूच्या हवेपेक्षा किती वर. कूलर खोलीच्या हवेपेक्षा गार करूच शकत नाही, तो फक्त फरक कमी ठेवतो. जानेवारीत, निफाडला द्राक्षबागेत शेकोट्या पेटतात त्या दिवसांत, खोलीत १८ डिग्री असते. मे महिन्यात स्लॅबखालच्या खोलीत संध्याकाळी ३६. तोच गेम, तेच वॅट, तर प्रोसेसरवर सरळ १८ डिग्री जास्त. थंडीत ६८ दाखवणारा पीसी उन्हाळ्यात ८६ दाखवतो तेव्हा बिघडलेला नसतो. आणि पाण्याचा महागडा कूलर बसवल्याने खोली गार होते ही समजूत तर अगदीच चुकीची. जेवढे वॅट आत गेले तेवढी उष्णता खोलीत येणार, मग ती पंख्याने येवो की पाण्याच्या नळीने. खोली गार ठेवायची तर वॅटच कमी करायला हवेत.

म्हणजे परत व्होल्टेज.

रायझनमध्ये याला दोन वाटा आहेत. सोपी वाट इको मोड. बायोसमध्ये, म्हणजे पीसी चालू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगच्या पानात, ६५ वॅटचा इको मोड निवडला की प्रोसेसरची प्रत्यक्ष कमाल मर्यादा १४२ वरून ८८ वॅटवर येते. वेग शेवटच्या दोन पायऱ्या चढत नाही, आणि व्होल्टेज सगळ्यात जास्त लागतं ते त्याच दोन पायऱ्यांना. व्हिडिओ रेंडर करणाऱ्याला थोडा फरक जाणवेल. गेममध्ये भाच्याला तरी काही कळलं नाही, आणि त्याला एक फ्रेम कमी झाली तरी कळते असा त्याचा दावा आहे.

दुसरी वाट कर्व्ह ऑप्टिमायझर. प्रोसेसरच्या पोटात एक तक्ता असतो: अमुक वेगाला अमुक व्होल्टेज. कर्व्ह ऑप्टिमायझरला उणे आकडा दिला की हा अख्खा तक्ता खाली सरकतो, एका आकड्याला साधारण तीन ते पाच मिलिव्होल्ट. उणे २० म्हणजे साठ ते शंभर मिलिव्होल्ट कमी. यालाच अंडरव्होल्टिंग म्हणतात. गंमत अशी की नुसतं एवढंच करून भाच्याने टेस्ट चालवली आणि वैतागला. "मामा, अजून ९५च आहे!" बरोबरच होतं. प्रोसेसरला ९५ पर्यंत जायची मुभा होती, व्होल्टेज कमी झाल्याने जी जागा मोकळी झाली ती त्याने वेग वाढवून भरून काढली. आकडा तोच, काम जास्त. तापमान खरंच उतरवायचं असेल तर अंडरव्होल्टच्या जोडीला मर्यादाही खाली आणावी लागते: वॅटची किंवा तापमानाची. बायोसमध्ये थर्मल लिमिट ८५ टाकता येते. आम्ही इको मोड आणि उणे २० ठेवलं. गेममध्ये ७१-७२. मे महिन्यात, पंखा चालू, एसी नाही.

उणे आकडा एकदम तीसवर नेऊ नका. पाच-पाचच्या पायरीने जा. आणि तपासणी जड कामावर नव्हे, हलक्या कामावर करा, कारण फसगत इथेच होते. सगळे कोअर राबत असतात तेव्हा वेग आधीच आवरलेला असतो, व्होल्टेज पुरतं, तासभर टेस्ट सुरळीत चालते. मग तुम्ही ब्राउझर उघडून गाणं ऐकत बसता, एकच कोअर झटक्यात सर्वोच्च वेगाला उडी मारतो, तिथे कमी पडतं, आणि पीसी काही न बोलता रीस्टार्ट. एकेक कोअर सुटा तपासणारा कोअरसायकलर नावाचा प्रोग्रॅम रात्रभर चालू ठेवा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'व्हीआ' (WHEA, म्हणजे हार्डवेअरची चूक) अशी नोंद दिसली तर आकडा सैल करा. बायोसच उघडत नसेल तर घाबरू नका, क्लिअर सीमॉस केलं, म्हणजे बोर्डावरून बायोसच्या सेटिंग पुसल्या, की सगळं मूळपदावर येतं. कमी व्होल्टेजने चिप जळत नाही, फक्त चुकते. मात्र चुकताना हार्डडिस्कवर काही लिहीत असेल तर ती फाइल बिघडू शकते, तेव्हा आधी महत्त्वाचं दुसरीकडे कॉपी करून ठेवा.

चिपचं आयुष्य कमी करतं ते जास्त व्होल्टेज. उष्णता त्याला हातभार लावते. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांचं प्रकरण आठवत असेल: गेम उघडताना बंद पडायचे, आणि मूळ कारण निघालं प्रोसेसरच नको तेवढं व्होल्टेज मागत होता. ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीने मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतली सूचनावली) सुधारून दिला, त्यात ही मागणी १.५५ व्होल्टवर रोखली, आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. ज्या चिपांची झीज झालेली होती त्या या दुरुस्तीने बऱ्या होत नाहीत. या पिढीचा प्रोसेसर असेल, विशेषतः नावात के असलेला, तर आजच बायोस अपडेट करा, बाकीचं नंतर. इंटेलच्या के नसलेल्या प्रोसेसरांना अंडरव्होल्ट करायला बहुतेक वेळा कुलूप असतं. तिथे पीएल-१ आणि पीएल-२ या वॅटच्या मर्यादा बघा. काही बोर्डांवर त्या ४०९६ वॅट अशा असतात, म्हणजे मर्यादा नाहीच.

याउलट रायझनवर काही न करता १.४ व्होल्ट दिसलं म्हणून फोन करू नका. एकाच कोअरवर, थोड्या करंटला, क्षणभर तेवढं चालतं. तेच १.४ सगळ्या कोअरना हाताने कायमचं देऊन ठेवणं, हा खरा आगीशी खेळ. यूट्यूब बघून तो करणारे भेटतात.

प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये लावतात त्या थर्मल पेस्टचं थोडक्यात. भांडी बाजारातलं तांब्याचं पातेलं कितीही गुळगुळीत दिसलं तरी सूक्ष्मात ते खडबडीतच असतं. कूलरचा तळही तसाच. दोन धातूंमधल्या खळग्यांत हवा अडकते, आणि हवेतून उष्णता जवळजवळ जातच नाही. पेस्ट हवेपेक्षा शेकडो पटींनी बरी, पण तांबं पेस्टच्या पन्नासपट चांगलं. म्हणून ती खळगे बुजवण्यापुरतीच, वाटाण्याएवढी. पोळीवर तूप चोपडतात तशी नको. तीन-चार वर्षांनी बदला. ब्लोअरने धूळ उडवताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो वेड्यासारखा फिरतो आणि बेअरिंग जातं.

जानेवारीत भाच्याचा फोन आला. पीसी दोनदा आपोआप रीस्टार्ट झाला, तेही नुसतं पीडीएफ वाचताना. मी विचारलं, उणे किती ठेवलंयस? जरा चाचरला. दिवाळीच्या सुट्टीत मला न सांगता उणे २८ केलं होतं, आणि तेव्हा सगळं ठीक चाललं होतं. थंडीत चिप गार राहते, गार राहिली की ती आणखी थोडा वरचा वेग गाठते, आणि तिथे अठ्ठावीस झेपलं नाही. उणे १८ केलं. आता कॅबिनेटच्या आतल्या बाजूला त्याने एक चिठ्ठी चिकटवलीय, तारीख आणि आकडा. कप्प्यातून निघालेली टेबलाची फळी बहिणीने लोणच्याच्या बरण्यांखाली घातलीय. ती परत मिळणार नाही असं तिने सांगून टाकलंय.